वाचकांचे प्रश्न : वस्तरा, फेस आणि केसांचा कल

पाणी, साबणाचा फेस आणि एकाच पात्याचे हत्यार वापरून दाढी व डोके स्वतःच्या हाताने घोटण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक वाचकांनी दोष पात्याच्या माथी मारला आहे. उत्तरे देताना मात्र आम्हाला पुन्हा पुन्हा पाते त्वचेला लागण्यापूर्वीच्या गोष्टींकडेच वळावे लागले.

प्रश्न : अनेक वर्षे तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी करत आलो आहे. आता पारंपरिक पद्धत शिकावीशी वाटते. एकदम उघडा वस्तरा हाती घ्यावा, की दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरने सुरुवात करावी?

उत्तर : सेफ्टी रेझरने करावी. उघड्या वस्तऱ्यात पात्याचा कोन, हाताचा दाब आणि त्वचेचा ताण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. सेफ्टी रेझरमध्ये ब्लेडच्या कडेला असलेल्या कठड्यामुळे कोन चुकण्याला आणि पाते खोल जाण्याला बराच आळा बसतो. ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे या सुऱ्या-वस्तरे घडवणाऱ्या कारागिराने वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण बसवले होते. मात्र धार गेली की फेकून द्यायच्या पातळ ब्लेडचा रेझर किंग कॅम्प जिलेट यांनी 1903 मध्ये विक्रीस आणला आणि 1904 मध्ये त्याचे पेटंट मिळवले, तेव्हा घरच्या घरी दाढी करणे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

कार्ट्रिजची सवय असलेल्या हाताला सर्वांत अवघड जाते ते दाब न देणे. कार्ट्रिजचे डोके सांध्यावर फिरते आणि दाबलेला हात निभावून नेते; धातूचा सेफ्टी रेझर तसे करत नाही. त्याचे स्वतःचे वजनच केस कापायला पुरेसे असते. मूठ गालाशी साधारण तीस अंशांचा कोन करील अशी धरावी, हात लहान लहान मारावेत, आणि गालांवर सफाई आल्यावरच हनुवटी व वरचा ओठ तितक्याच विश्वासाने हाताळावा.

ब्लेड बदलता येणारा वस्तरा स्वस्त आणि सोयीचा, म्हणून काही जण तेथून सुरुवात करतात. आमचे मत त्याला अनुकूल नाही. खऱ्या वस्तऱ्याच्या पात्याला वजन आणि जाड पाठ असते, त्यामुळे तो हातात स्थिर राहतो. ब्लेडचा वस्तरा हलका असतो, त्याची धार अधिक तिखट असते, आणि अणीचा टोकदार कोपरा जरा वाकडा पडला तरी रक्त काढतो. शिकाऊ हातासाठी तो तिन्हींमध्ये सर्वांत कमी क्षमाशील आहे.

प्रश्न : दाढीनंतर मानेवर आग होते, लाल पुटकुळ्या येतात, काही केस त्वचेतच वळलेले दिसतात. अनेक प्रकारची ब्लेड वापरून पाहिली, तरी फरक पडला नाही.

उत्तर : फरक पडला नाही, यावरूनच दोष ब्लेडमध्ये नसावा असे समजावे. आधी केसांचा कल पाहा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि कोरड्या बोटांनी मानेवरून सर्व दिशांनी हात फिरवा. ज्या दिशेने बोटे गुळगुळीत सरकतात ती सुलट, जेथे खुंट टोचतात ती उलट. गालांवर केस बहुधा खाली वाढतात. मानेवर मात्र ते वर, आडवे, कधी गोल फिरूनही वाढतात, आणि डावी-उजवी बाजू सारखी असेलच असे नाही. मानेवर सगळीकडे वरून खाली हात मारणारा मनुष्य पुष्कळदा नकळत पहिलाच हात उलटा मारत असतो.

दुसरी गोष्ट भिजवण्याची. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून दाढी स्नानानंतर करणे उत्तम. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल चेहऱ्यावर ठेवावा. फेस हे भिजलेपण टिकवण्यासाठी आणि पाते सरकावे यासाठी असतो. तो डब्यातून फुसकन निघालेल्या हवेने भरलेला नसावा. ब्रशने घोळवून घट्ट, ओलसर आणि बारीक बुडबुड्यांचा झालेला असावा. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून मळी धरते आणि फेस उभा राहत नाही. अशा ठिकाणी उकळून गार केलेले पाणी किंवा थोडा अधिक साबण घेऊन पाहावा.

त्यानंतर पहिला फेर केवळ सुलट हाताने. फेस पुन्हा लावून दुसरा फेर आडवा. तुमच्या मानेची सध्याची अवस्था पाहता तिसरा, म्हणजे उलटा फेर काही आठवडे पूर्णपणे बंद ठेवावा. फेस नसलेल्या जागेवर ‘एवढेच राहिले’ म्हणून मारलेला एक कोरडा हात हा आगीचे फार मोठे कारण असतो, आणि तो जवळजवळ प्रत्येकाच्या हातून मारला जातो. कुरळ्या केसांच्या व्यक्तींनी त्वचा फार ताणून घोटू नये, कारण ताण सुटल्यावर कापलेले टोक त्वचेखाली जाते आणि वाढताना आतच रुतते. पुटकुळ्यांत पू धरत असेल, किंवा आठवडेभर दाढी बंद ठेवूनही त्या वाढत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्या अवस्थेत घोटत राहणे हिताचे नाही.

प्रश्न : टक्कल वाढत चालल्याने संपूर्ण डोके घोटायचे ठरवले आहे. स्वतःच्या हाताने, विशेषतः मागची बाजू, कशी घोटावी? त्यासाठी वस्तरा चालेल का?

उत्तर : या प्रश्नावर सर्वाधिक पत्रे आली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला उघडा वस्तरा लावू नये. दुसऱ्याचे डोके घोटणाऱ्या कसबी हाताला जे साधते ते स्वतःला साधत नाही, कारण तेथे पात्याचा कोन दिसत नाही आणि मनगटही उलटे वळवावे लागते. पुढचा भाग आणि कानशिले वस्तऱ्याने, मागचा भाग सेफ्टी रेझरने, अशी वाटणी काही जाणकार करतात. नवख्याने सगळेच सेफ्टी रेझरने करावे.

केस लांब असतील तर आधी मशीनने अगदी बारीक करून घ्यावेत. लांब केस ब्लेड आणि कठडा यांच्यामध्ये अडकतात, मग माणूस दाब देतो, आणि पुढचे रक्त त्यातूनच निघते. स्नान झाल्यावर ओल्या डोक्यालाच फेस लावावा. कवटीवर त्वचेखाली मांस फारसे नसते, त्यामुळे गालावर खपून जाणारा दाब येथे खपत नाही. शिवाय पृष्ठभाग सतत वळत असल्याने कोनही प्रत्येक बोटभर अंतरावर बदलावा लागतो. म्हणून हात अंगुळभराहून लांब मारू नये.

डोक्यावरचे केस माथ्याच्या मागील बाजूस असलेल्या भोवऱ्यापासून चहूकडे पसरतात : पुढे कपाळाकडे, बाजूंनी कानांकडे, मागे मानेकडे. याचा अर्थ असा, की कपाळापासून मागे ओढलेला हात, जो बहुतेकांना सहज सुचतो, तो उलटा असतो. पहिल्या फेरात भोवऱ्याकडून कपाळाकडे, बाजूंना वरून खाली, आणि मागे भोवऱ्याकडून मानेकडे जावे. प्रत्यक्ष भोवऱ्यावर केस गोल फिरत असल्याने तेथे एकच दिशा धरून भागत नाही. दोन-तीन बाजूंनी, अगदी हलके, फेस पुन्हा लावून घोटावे. मानेच्या वरच्या खळग्यात केसांचा कल माणसागणिक वेगळा असतो, तो बोटांनीच शोधावा.

मागे पाहण्यासाठी दोन आरसे समोरासमोर धरण्याचा मोह टाळलेला बरा, निदान घोटताना तरी. हात एकीकडे आणि प्रतिमा दुसरीकडे जाते व गोंधळ होतो. रेझर एका हाती धरून दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या मागोमाग फिरवावीत. खुंट कोठे राहिले ते बोटांना डोळ्यांहून नीट कळते. रिकाम्या हाताने त्वचा किंचित वर ताणावी, विशेषतः मान जेथे वळते तेथील घड्यांवर. कानामागे घोटताना कान पुढे दुमडून धरावा. डोक्याच्या मागचा उंचवटा, कानांवरची कड आणि कवटीवरचे तीळ किंवा चामखीळ या जागा आधीच चाचपून ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पाते वापरावे.

डोक्यावरचे केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात. पुष्कळ जणांना दोन-तीन दिवसांनी एकदा घोटणे पुरते. रोज घोटायचे असेल तर एका सुलट फेरावर समाधान मानावे. घोटून झाल्यावर गार पाण्याने धुऊन, टिपून, सुगंध नसलेले मलम लावावे. केसांखाली झाकलेल्या त्वचेला उन्हाची सवय नसते, म्हणून बाहेर पडताना टोपी किंवा एसपीएफ 30 वा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन हवेच. मानेच्या मागे टणक, न जाणाऱ्या गाठी येऊ लागल्या तर घोटणे थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण त्यांचे कायमचे व्रण राहू शकतात.

प्रश्न : घरातील जुन्या पेटीत एक घडीचा वस्तरा सापडला. थोडा गंजला आहे. तो वापरता येईल का?

उत्तर : गंज कोठे आहे यावर ते अवलंबून आहे. पाठीवर किंवा पात्याच्या अंगावर डाग असतील तर ते दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असतात. धारेलगत खड्डे पडले असतील, किंवा भिंगातून धारेवर बारीक चीर दिसली, तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवावा. मुठीच्या खिळ्यांत पाते डुलते का, हेही पाहावे.

पाते धड असेल तर पहिली धार जाणकाराकडून लावून घ्यावी. वस्तऱ्याची रचना मोठी सुबक आहे : दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवली की धारेचा कोन आपोआप ठरतो, कारण पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी त्या हिशेबानेच घडवलेली असते. प्रथम सुमारे 1000 ग्रिटचा दगड (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), मग 4000 ते 8000, आणि शेवटी 12000 च्या आसपासचा, असा क्रम असतो. स्वयंपाकघरातील सुरी लावण्याच्या सवयीने पाठ उचलून घासली तर पाते बिघडते. त्यानंतर प्रत्येक दाढीपूर्वी ताणलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा पाते फिरवावे, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. वळवतानाही ते पाठीवरूनच उलटावे, नाहीतर पट्टा कापला जातो. पट्टा नवी धार काढत नाही, वाकलेली धार सरळ करतो. वापरल्यावर पाते पूर्ण कोरडे करून तेलाचा पुसट हात द्यावा आणि ते न्हाणीघरात ठेवू नये.

प्रश्न : एक ब्लेड किती वेळा वापरावे? आणि केस इतका मऊ असताना पोलादाची धार जातेच कशी?

उत्तर : ठरावीक आकडा नाही. केस ओढल्यासारखे वाटले की ब्लेड बदलावे. पुष्कळांना तीन ते सात दाढ्यांत तसे वाटते. प्रश्नाचा दुसरा भाग मात्र खरोखर मनोरंजक आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असलेला केसही धारेचे टवके उडवतो. धार केवळ झिजून बोथट होते असे नाही. पोलादाची सूक्ष्म रचना जेथे एकसारखी नसते तेथे, केस वाकून धारेवर तिरका ताण देतो तेव्हा, बारीक कपचा निघतो. म्हणून दाढीनंतर ब्लेडची धार टॉवेलने पुसण्याने काही साधत नाही, उलट ती बिघडते. धुऊन, झटकून, हवेवर वाळू द्यावी.

प्रश्न : वारंवार घोटल्याने केस दाट आणि राठ होतात, हे खरे का?

उत्तर : नाही. अमेरिकेतील शरीररचनेच्या अभ्यासक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच याची तपासणी केली आणि तसा परिणाम आढळला नाही. पात्याने केसाचे निमुळते टोक जाऊन सपाट टोक उरते, म्हणून तो बोटाला राठ लागतो. केसाचे मूळ त्वचेखाली असते, तेथे पाते पोहोचतच नाही.

प्रश्न : वडील आणि मुलगा यांनी एकच वस्तरा वापरला आणि नंतर तुरटी लावली तर चालते का?

उत्तर : चालत नाही. तुरटी बारीक कापांतील रक्त थांबवते आणि त्वचा आवळते; ती हत्यार निर्जंतुक करत नाही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि तो पसरण्यासाठी डोळ्यांना दिसेल इतके रक्त लागत नाही. नाते कोणतेही असो, ब्लेड आणि वस्तरा ज्याचा त्याचाच असावा. तुरटीचा खडाही वेगळा ठेवावा.

प्रश्न : विमानप्रवासात हे साहित्य नेता येते का?

उत्तर : वस्तरा आणि सेफ्टी रेझरची सुटी ब्लेड हातातील सामानात चालत नाहीत, ती मोठ्या बॅगेत, धार झाकून ठेवावीत, म्हणजे तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. ब्लेड काढलेला रेझर सहसा जवळ ठेवता येतो, तरी निघण्यापूर्वी विमान कंपनीचे नियम पाहून घ्यावेत. ब्रश मात्र पूर्ण वाळवूनच भरावा, ओला कोंडून ठेवल्यास त्याला कुबट वास येतो.