नुसतं वाचू नकोस

चि. पोरी,

सॉफ्टवेअरने काय करायचं ते सांगणारं चाळीस पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट दोनदा वाचलंस आणि चुका नोंदवायच्या रिव्ह्यू शीटवर आल्या स्पेलिंगच्या दोन चुका. म्हणून नजर कच्ची ठरत नाही गं. वाचताना हातांनी काही केलं नाहीस, एवढंच.

एटीएमचंच घे. ‘पिन तीनदा चुकल्यास कार्ड जप्त करावे.’ वाचायला ठीक. आता टेस्ट केस लिही, म्हणजे काय केल्यावर काय व्हायला हवं ते: दोनदा चूक, मग बरोबर, मग पुन्हा चूक. ही पहिली की तिसरी? दोनदा आज, एकदा उद्या? ‘अपेक्षित निकाल’चा रकाना भरता येत नाही ना? तोच डॉक्युमेंटमधला डिफेक्ट, म्हणजे दोष. ‘पुरेशी शिल्लक असल्यास’ हेही तसंच. शिल्लक ५०००, मागणी ४९९९, ५०००, ५००१. किमान शिल्लक धरायची की नाही?

चेकलिस्ट विचारते, ‘सगळं आलंय का?’ आपण ‘हो’वर टिक करतो. राहून गेलेलं असं कधी दिसतं का? ग्राहक होऊन एकेक पायरी लिही: खात्यातून पैसे वजा झाले, मशीनमधून नोटा आल्याच नाहीत. पुढची पायरी डॉक्युमेंटमध्ये शोध.

सॉफ्टवेअर संशोधक व्हिक्टर बसिली आणि सहकाऱ्यांनी हेच नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या लोकांकडून करून घेतलं; निष्कर्ष १९९६ साली छापून आले. टेस्टर, डिझायनर, वापरणारा: एकाने एकच भूमिका घ्यायची. एटीएम आणि पार्किंग गॅरेजच्या डॉक्युमेंटमध्ये जास्त दोष सापडले, गुण आला. नासाच्या स्वतःच्या डॉक्युमेंटवर फारसा नाही. ओळखीचं दिसलं की माणूस जुन्या सवयीने वाचत असावा, असा त्यांचा अंदाज. म्हणून पुन्हा सांगतो, हातांनी वाच.

तीनही भूमिका एकटीने घेऊ नकोस. तासाला पाच-सहा पानांच्या वर गेलीस तर ते चाळणं झालं. आणि उत्तर स्वतःच ठरवून पुढे जाऊ नकोस! कलम क्रमांक लिही, प्रश्न लिही.

टीम लीड म्हणेल, टेस्ट केस नंतर. नंतर लिहायच्याच आहेत, मग आत्ता का नकोत? माझ्या या हट्टाने रिव्ह्यू लांबतात, खरंय. पण कोड झाल्यावर ‘तिसरी चूक कोणती’ यावरची भांडणं जास्त लांबतात.

उद्या फक्त पैसे काढण्याचा भाग घे. रिव्ह्यू शीट नको, रिकामे राहिलेले रकाने पाठव.