ईमची गावबंदी? शब्द जरा तपासून वापरा

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या 'प्लेगच्या गावा'चं नाव 'ईम' लिहायचं की 'इयाम'? आणि तिथल्या लोकांनी जे केलं त्याला 'गावबंदी' म्हणता येईल का?

'ईम'च लिहा. स्पेलिंग पाहून 'इयाम' लिहिण्याचा मोह होतो, पण तिथला उच्चार 'टीम'शी यमक जुळवणारा आहे. नावाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला 'बेट' अर्थाचा शब्द आहे. गाव समुद्रापासून लांब, डोंगराळ भागात. तेव्हा बेट म्हणजे इथे ओढ्यांमधली जमीन.

'गावबंदी' मात्र नको. गावबंदी म्हणजे बाहेरच्याला आत मज्जाव. आंदोलनात पुढाऱ्यांना होते तशी. ईममध्ये नेमकं उलटं होतं. सप्टेंबर १६६५मध्ये रोग शिरला. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातल्या पिसवांबरोबर, असं परंपरेने सांगतात. जून १६६६मध्ये विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या धर्मगुरूंनी लोकांचं मन वळवलं, की रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून आपणच बाहेर पडायचं नाही. 'नाकेबंदी'ही बसत नाही, कारण ती दुसरा कोणी लादतो.

'विलगीकरण' तर दिशाभूल करतं. त्यात आजारी माणूस निरोग्यांपासून वेगळा काढतात. ईममध्ये दोघं एकाच हद्दीत राहिले, आणि परंपरेने सांगितला जाणारा मृतांचा आकडा २६० आहे. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईंनी आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली. हे लिहिताना गुळगुळीत सरकारी शब्द वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

'गावाने आपली शीव बंद केली' हे सरळ आणि नेमकं आहे. त्याचं 'शीवबंदी' असं नाम करता येईल, पण घाईत ते 'शिबंदी' वाचलं जातं आणि वाचक किल्ल्यावर पोचतो. क्रियापदच बरं.

'शीव' घेतली की पुढचा शब्दही सुटतो. ईम आणि स्टोनी मिडलटन यांच्यामध्ये एक दगड आहे, त्यावर सहा खळगे. खळग्यांत व्हिनेगर भरून नाणी ठेवत. व्हिनेगरने रोग मरतो अशी समजूत होती. शेजारचे लोक पैसे घेऊन अन्न ठेवून जात. याला 'वेशीचा दगड' लिहिलेलं दिसतं, ते चूक. वेस म्हणजे गावात शिरायचा दरवाजा. हा दगड गावाबाहेर मोकळ्या रानात, हद्दीवर आहे. शिवेचा दगड म्हणा.