ऐन भरातल्या टायसनला कसबी बॉक्सर हरवू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवणच्या तुमच्या जिममधली मुलं म्हणतात, माईक टायसनने १९८८ साली माजी हेवीवेट जगज्जेत्या लॅरी होम्सला चौथ्या फेरीत लोळवलं, म्हणजे ऐन भरातल्या टायसनपुढे कसबी बॉक्सरचा निभाव लागणं शक्यच नाही. तुम्हाला ते पटत नाही. शिवाय तुमच्या ६० किलोच्या एका मुलाची जिल्हा स्पर्धेत अशाच जोरदार ठोशाच्या मुलाशी गाठ आहे, त्याला काय सांगावं तेही तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: हरवू शकतो. पण कसब म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवलं पाहिजे, कारण कसबी बॉक्सर असे ठोसे खाऊन पडल्याची उदाहरणंही भरपूर आहेत.

आधी ती १९८८ची लढत बाजूला ठेवू. २२ जानेवारीला अटलांटिक सिटीत होम्स ३८ वर्षांचा होता आणि एप्रिल १९८६ नंतर रिंगणात उतरलाच नव्हता. टायसन २१ वर्षांचा. तरीही चौथ्या फेरीत होम्स चवड्यांवर येऊन जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारू लागला तेव्हा काही क्षण टायसनला आत शिरणं जड गेलं. मग वरून उजवा हात बसला आणि होम्स त्याच फेरीत तीनदा पडला. ७५ लढतींच्या कारकिर्दीत तो नॉकआउट झाला तो एवढाच. त्या लढतीवरून टायसनचा ठोसा कळतो, ऐन उमेदीतल्या होम्सबद्दल फारसं काही कळत नाही.

आता ठोशाचा जोर. तो दंडातून येतो असं मुलांना वाटतं. तो येतो मागच्या पायाच्या चवड्यातून; तिथून कंबर वळते, खांदा वळतो आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. म्हणजे जोरदार मारायला पाय क्षणभर तरी जमिनीत रोवावे लागतात आणि अंतर बरोबर लागतं. टायसनची उंची १७८ सेंटिमीटर, हातांचा पल्ला ७१ इंच. होम्सचा पल्ला ८१ इंच. पल्ला दोन्ही हात पसरून मोजतात, म्हणजे एका हातामागे साधारण पाच इंचांचा फरक. तेवढं अंतर टायसनला दर वेळी डोकं हलवत, जॅबच्या खालून किंवा बाजूने ओलांडावं लागतं. तो आत पोचून पाय रोवतो तो क्षण नासवणं, हेच त्याच्याविरुद्धचं खरं कसब. कबड्डीतला ताकदीचा कोपरारक्षक आठवा. त्याच्या पकडीतून सुटण्याची ताकद क्वचितच कुणात असते, म्हणून शहाणा चढाईपटू त्याला पाय रोवून झेप घ्यायची उसंतच देत नाही.

टायसन पहिल्यांदा हरला तो १९९०ला टोकियोत; त्यापूर्वीच्या त्याच्या ३७ लढती पाहा. ३३ नॉकआउट. उरलेल्या चार पूर्ण फेऱ्या चालल्या: जेम्स टिलिस, मिच ग्रीन, बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर. चौघेही त्याच्यापेक्षा उंच. टिलिस पायांवर फिरत राहिला. स्मिथने १९८७च्या मार्चमध्ये बारा फेऱ्या नुसती मिठी मारली; त्याबद्दल त्याचे गुणही कापले गेले आणि तो सपशेल हरला. टकरने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीत अपरकटने (खालून वर येणाऱ्या ठोशाने) टायसनला मागे रेटलं आणि नंतर पकडापकडीवर भर दिला. तोही हरला. मिठीमुळे ठोसा थांबतो, पण मिठीला गुण मिळत नाहीत.

जिंकायचं कसं ते ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने दाखवलं. ८३ इंच पल्ला असूनही तो नुसता लांब उभा राहिला नाही. जॅब, लगेच मागून उजवा, आणि टायसन आत आला की हात गुंतवून त्याच्यावर वजन टाकायचं. पंचाने सोडवलं की पुन्हा जॅब. आठव्या फेरीच्या शेवटी तो टायसनच्या अपरकटने पडला, उठला, आणि दहाव्यात त्याने टायसनला झोपवलं. मुलं म्हणतील तो टायसन भरात नव्हता. बरोबर आहे, प्रशिक्षक केविन रूनी सुटल्यापासून डोक्याची हालचाल मंदावली होती आणि तो एकेकच ठोसा शोधत होता. पण रीत तीच. आणि एक बाब बघण्यासारखी आहे: लढत थांबली तेव्हा गुण देणाऱ्या एका पंचाकडे डग्लस सहा गुणांनी पुढे होता, एकाकडे बरोबरी होती आणि तिसऱ्याकडे टायसन एका गुणाने पुढे होता. म्हणजे फक्त चुकवत राहिलात तर नावाजलेल्या ठोसेबाजाविरुद्ध निकाल हातात येईलच असं नाही. आपले ठोसे दिसावे लागतात.

दुसरं चांगलं उदाहरण म्हणजे जिमी यंग विरुद्ध जॉर्ज फोरमन, १७ मार्च १९७७, सान हुआन. पोर्तो रिकोची किनाऱ्यावरची राजधानी, आपल्यासारखीच दमट हवा. यंगच्या स्वतःच्या ठोशात विशेष जोर नव्हता. सातव्या फेरीत तो फोरमनच्या माऱ्याने लटपटला, पण टिकला. बाराव्यात त्याने फोरमनला खाली बसवलं आणि गुणांवर जिंकला. १९७४ला किन्शासात अलीने याच फोरमनला आठव्या फेरीत पाडलं, तेव्हा दोरांना टेकून मार झेलायची युक्ती केली. ती टायसनवर वापरायला सांगू नका. फोरमनचे ठोसे लांबून, रुंद यायचे, ते हातांवर झेलता आले. टायसनचा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) आखूड असतो, बरगडीवर येतो, आणि मागोमाग त्याच हाताचा अपरकट दोन कोपरांच्या फटीतून वर येतो. दोरांना टेकून त्याच्यापुढे उभं राहणं म्हणजे त्याला हवं ते अंतर आयतं देणं.

आता कसबी लोक का हरले ते. बिली कॉनने १८ जून १९४१ ला ज्यो लुईसविरुद्ध बारा फेऱ्या सुरेख खेळ केला. दोन पंचांकडे तो पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्यात तो स्वतःच नॉकआउट करायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला. हेरोल ग्रॅहमने १९९०च्या नोव्हेंबरमध्ये ज्युलियन जॅक्सनला तीन फेऱ्या हैराण केलं. चौथीत जॅक्सनला दोरांवर गाठून मारायला गेला आणि एका उजव्या ठोशात बेशुद्ध झाला. जर्सी ज्यो वॉलकॉट १९५२ साली रॉकी मार्सियानोविरुद्ध तिन्ही पंचांकडे पुढे होता, पण तेराव्या फेरीत मागे सरकत पाठ दोरांना लागली आणि मार्सियानोचा उजवा आला. दोघे पुढे असताना मारामारीत उतरले, एकाची मागची जागा संपली. कौशल्य तिघांकडेही होतं.

म्हणून १९७९चा होम्स आणि १९८८चा टायसन यांच्यात मी होम्सला झुकतं माप देतो, पण हातचं राखून. होम्सचा जॅब हेवीवेटमधल्या सर्वोत्तम जॅबांपैकी एक. पडल्यावर उठून शहाण्यासारखं लढायचं धैर्यही त्याच्यात होतं. सप्टेंबर १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सने सातव्या फेरीत त्याला उजव्या हाताने पाडलं, त्याने उठून अकराव्यात शेव्हर्सलाच थांबवलं. पण तिथेच त्याची खोडही दिसते. जॅब मारून डावा हात खाली राहायचा आणि त्यावरून येणारा उजवा त्याला गाठायचा. १९८१ला रेनाल्डो स्नाइप्सनेही त्याला तसंच पाडलं. टायसनला ती फट नक्की दिसली असती. पहिल्या पाच फेऱ्यांत होम्स एकदा तरी पडणार असं मी धरून चालतो. तिथून तरला तर पुढच्या फेऱ्या त्याच्या. वाद घालताना फेऱ्या किती हेही ठरवा. होम्सच्या उमेदीत विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर किम ड्यूक-कू हा बॉक्सर दगावला आणि मग बॉक्सिंग संघटना एकेक करून १२ फेऱ्यांवर आल्या. १५ फेऱ्यांत होम्स मला बराच सुरक्षित वाटतो, १२त थोडासाच.

तुमच्या मुलाला मात्र तीनच फेऱ्या आहेत, तीन-तीन मिनिटांच्या. समोरच्याला थकवायचा बेत नऊ मिनिटांत पुरा होत नाही. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे: हौशी बॉक्सिंगमध्ये खाली पाडल्याचा वेगळा गुण नाही, त्यामुळे एकदा बसला तरी फेरी गेलीच असं नाही. पहिली फेरी स्वच्छ ठोशांनी घ्यायचीच, या हिशेबाने उतरवा.

त्याला जॅब डोक्यावर नको, छातीच्या मधल्या हाडावर मारायला लावा. डोकं हलतं, छाती तेवढी हलत नाही, आणि छातीवर जॅब बसला की समोरच्याचा पुढचा पाय अडखळतो. मूठ गेली त्याच रेषेत, गालाच्या उंचीवर परत आली पाहिजे. हे बसवायला दुसऱ्या मुलाच्या हातात पॅड द्या. डावा हात खाली रेंगाळला की त्याने लगेच गालावर हलकी टपली मारायची. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, रोज. नंतर अर्ध्या जोराने सराव: एकाला फक्त जॅब, दुसऱ्याला फक्त वरून येणारा उजवा.

सरळ मागे दोन पावलांपेक्षा जास्त जायचं नाही, तिसरं पाऊल बाजूला. दोघेही उजव्या हाताचे असतील आणि समोरच्याचा उजवा धोक्याचा असेल तर आपल्या उजवीकडे फिरायचं. डावा हुक धोक्याचा असेल तर आपल्या डावीकडे. मुलं घाबरली की नेमकी उलटी फिरतात, म्हणून खळ्यात खडूने ६.१ मीटरचा चौकोन आखून त्यातच फिरवा, म्हणजे रिंगणाचा कोपरा कधी जवळ आला ते पाठीला कळू लागेल. आत सापडलाच तर समोरच्याच्या कोपरांवरून हात आत घालून, कपाळ त्याच्या खांद्याला लावून, पंच सांगेपर्यंत थांबायचं. फेरीत एकदोनदा चालेल. वारंवार पकडलं तर ताकीद मिळते आणि गुण जातो.

पायांच्या सरावाला पुळण उत्तम, पण सुकतीच्या वेळची ओली, घट्ट वाळू. कोरड्या वाळूत पाय रुततो, घोटा वळतो आणि पावलांची लय बिघडते. किनारा उतरता असतो, म्हणून जेवढं एका दिशेने तेवढंच उलट दिशेने, नाहीतर एकाच गुडघ्यावर भार येतो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि फिरणारा बॉक्सर उभं राहून मारणाऱ्याच्या आधी गळू शकतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या मुलाचं वजन सव्वा किलोच्या आसपास उतरलं तर पाणी कमी पडतंय. उतरलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, थोडं थोडं करून. नुसत्या शहाळ्यावर भागत नाही, त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी; चिमूटभर मीठ घाला. कोकमाचं आगळ पाण्यात घालून दिलंत तर त्यात मीठ असतंच, थोडी साखर घाला म्हणजे झालं.