डेंग्यूनंतर स्पर्म रिपोर्ट खराब आला, उंदरांवरच्या प्रयोगात पण असंच होतं म्हणे, हे कायमचं असतं का?

दादा, आधी एवढं घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की डेंग्यूचा ताप उतरून महिना झाला, मग रिपोर्ट केला तर काउंट पण कमी आणि हलणारे पण कमी, आणि त्यात कुठेतरी वाचलं की उंदरांना सूज आणली की त्यांची प्रजननक्षमता जाते. वाचलंत ते खरंय पण अर्धंच आहे.

मी नाशिकलाच एम.फार्म केलं, फार्माकॉलॉजी, अ‍ॅनिमल हाउसमध्ये पांढरे उंदीर सांभाळलेत म्हणून सांगतो. या प्रयोगात बहुतेक वेळा जिवंत जंतू देतच नाहीत, ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाच्या कवचातला एलपीएस नावाचा पदार्थ टोचतात. शरीराला वाटतं मोठं इन्फेक्शन झालं, टीएनएफ, आयएल-1 असली सूज वाढवणारी रसायनं रक्तात सुटतात, मेंदूकडून येणारा एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) कमी होतो आणि वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशींमधलं स्टार नावाचं प्रोटीन पण घटतं. हे प्रोटीन कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) आत नेतं, त्या कोलेस्टेरॉलपासूनच टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) बनतं, म्हणून ते काही तासांतच खाली येतं. तिकडे तयार स्पर्मचं वरचं आवरण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक कणांच्या माऱ्याने, खराब होतं कारण त्यात असंतृप्त फॅट भरपूर असतं. एपिडिडिमिसचं (वृषणाला चिकटलेली, स्पर्म साठवणारी नळी) शेपटाकडचं टोक कोमट सलाइनमध्ये बारीक कापलं की दुधाळ ढगासारखे स्पर्म बाहेर येतात, उंदराच्या स्पर्मचं डोकं आकड्यासारखं वाकडं असतं, चांगल्या नमुन्यात मायक्रोस्कोपखाली दिसणारी सगळी फील्ड सळसळत असते आणि सूज आणलेल्या उंदरात संख्या ठीकठाक दिसली तरी बरेचसे जागच्या जागीच थरथरत राहतात.

आता खरा मुद्दा, मोजलं कोणत्या दिवशी. स्पर्म तयार व्हायला छोट्या उंदरात साधारण 35 दिवस, मोठ्या रॅटमध्ये 52, माणसात 74 च्या आसपास, वर एपिडिडिमिसमधले काही दिवस वेगळे. म्हणजे तापात ज्या अर्धवट पेशी मेल्या त्याचा खड्डा काही आठवड्यांनी दिसतो. तुम्ही निफाडचे म्हणताय तर द्राक्षाचं माहितीच असेल, खरड छाटणीनंतर आभाळ राहिलं की घड कमी पडलेत हे ऑक्टोबर छाटणीनंतरच कळतं, तसंच हे. तुमचा रिपोर्ट नेमका त्या खड्ड्यात सापडलाय असं मला वाटतं. उंदरांना एलपीएसचा एकच डोस दिला तर स्पर्म ज्यांपासून बनतात त्या मूळ पेशी सहसा टिकतात आणि पुढची बॅच पुन्हा सुरू होते.

अजून एक, उंदरांचे आकडे माणसाला सरळ लावू नका. रॅटला प्रयोगात किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत एलपीएस देतात, माणसाला किलोमागे 2 ते 4 नॅनोग्रॅमवरच थंडी-ताप भरतो, म्हणजे दहा लाख पटींच्या वर फरक. उलट रॅटकडे स्पर्मचा साठा इतका असतो की काउंट बराच पडला तरी पिल्लं होतात, माणसाचं तसं नाही.

एका बाबतीत मात्र हयगय करू नका. उंदराच्या शुक्रवाहिनीत जिवंत ई. कोलाय सोडून एपिडिडिमिसलाच इन्फेक्शन केलं तर तिथे व्रण पडतो, नळी बुजते, आणि नंतर अँटिबायोटिकने जंतू मेले तरी काउंट पूर्ण येत नाही. ते कायमचं असू शकतं. म्हणून अंडकोषात दुखणं, एका बाजूला सूज, लघवीला जळजळ यातलं काहीही असेल तर वाट न बघता युरॉलॉजिस्टकडे जा, लाजू नका.

तसं काही नसेल तर ताप उतरल्यापासून तीन महिने होऊ द्या आणि त्याच लॅबमध्ये, 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता, परत टेस्ट करा. त्याआधी काउंट वाढवायची पावडर, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन असलं काही घेऊ नका, टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की एलएच दबतो आणि स्पर्म उलट अजून कमी होतात. तेव्हाही कमीच आलं तर वहिनींच्या तपासण्या पण सोबतच करून घ्या, आणि दोन्ही रिपोर्ट इथे टाका, बघून सांगतो.