पीए म्हणून पहिलं वर्ष: नारळ फोडायच्या आधी सातबारा बघा

तुम्ही लिहिलंय, पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदारांकडे पीए म्हणून लागलात, वर्ष होत आलं, शिफारसपत्रं ढिगाने दिली, पण एक काम हलत नाही आणि गावात गेलं की लोक तुम्हालाच धरतात. वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही. २०१४ ते २०१९ मी याच खुर्चीत होतो.

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. मला भोवलेली एकच गोष्ट सांगतो.

एका गावाला सामाजिक सभागृह हवं होतं. एका शेतकऱ्याने चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "रस्त्याकडची दोन गुंठे माझी, घ्या." साहेब खूश. २०१८ च्या दसऱ्याला भूमिपूजन केलं, कोनशिला बसवली, साहेबांचं नाव सोनेरी अक्षरांत. मंजुरी यायची होती, पण ती काय, येईलच! हा शहाणपणा माझा.

जानेवारीत फाईल परत आली. सातबारा काढला तर त्यावर त्या शेतकऱ्याच्या वडिलांचं नाव. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली, वारसनोंदच नाही. दोन भाऊ गावात, बहीण पुण्याला. भाऊ तयार, बहीण म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. तिचं बरोबरच होतं. फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवणं, मग बहिणीची समजूत, मग ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र. तेवढं करून फाईल दिली तर दुसरी त्रुटी: ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या प्रतीवर जावक क्रमांक नाही. अहो, हे जानेवारीत सांगता आलं नसतं? त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथे एका वेळी एकच त्रुटी काढायची रीत होती. शिपायापासून वरपर्यंत सगळे गोड बोलायचे, चहा पाजायचे, फाईल तेवढी जागची हलायची नाही.

१० मार्च २०१९ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. मेअखेर ती उठली, तर अंदाजपत्रक जुन्या दराचं म्हणून पुन्हा खाली. कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायची लेखी परवानगी, हातात पडला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ठेकेदार म्हणाला, पितृपक्ष आहे, घटस्थापनेला सुरू करू. मीही मान डोलावली. २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता. आदेश असला तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर सुरू करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. प्रचाराला त्या गावात गेलो तर कोनशिलेला कुणीतरी शेळी बांधली होती. त्या गावच्या दोन्ही बूथवर आम्ही मागे पडलो.

म्हणून माझं मत (पटलं नाही तर सोडून द्या): पत्रावर साहेबांची सही घेण्याआधी ताजा सातबारा किंवा गावठाण असेल तर नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मिळकतीचा उतारा) टेबलावर हवा. नसेल तर सरपंच कितीही जवळचा असो, पत्र नाही. त्रुटी नेहमी लेखी मागा, आणि "याशिवाय आणखी काही आहे का" हेही लेखीच विचारा. तोंडी विचाराल तर पस्तावाल. आणि कार्यारंभ आदेशाआधी नारळ नाही, साहेब चिडले तरी. आमच्या वेळी आमदार निधी वर्षाला २ कोटी होता, आता ५ कोटी. म्हणजे कोनशिलाही अडीचपट.

मी काही सरकारी माणूस नाही. परिपत्रकं बदलत राहतात, त्यामुळे जिल्हा नियोजन कार्यालयात एकदा खात्री करून घ्या. जिल्ह्याजिल्ह्याची तऱ्हाही वेगळी.

जाता जाता एक. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाल तेव्हा विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीच्या पासाची वही स्वतःकडे ठेवा, कार्यकर्त्याच्या हाती देऊ नका. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना राहिली तर साहेब रागावून गप्प बसतात. पास न मिळालेला तालुकाध्यक्ष पाच वर्षं विसरत नाही.

आणि स्वतःचंही बघा. साहेब पडले तरी माजी आमदार म्हणून त्यांना महिना ५० हजारांपासून पुढे पेन्शन आहे. पीएला निकालाच्या दिवशी कुणी चहाही विचारत नाही. मी आता तालुक्याला झेरॉक्सचं दुकान चालवतो. सातबाऱ्याच्या प्रती रोज निघतात.