इंजेक्शन मोल्डिंगमध्ये डीओई (डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स, म्हणजे प्रयोगांची आखणी) कुठून सुरू करावं? एकेक सेटिंग बदलून पाहण्यात काय चुकतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकच्या) पार्टची लांबी १२० ± ०.१५ मिमी हवी, पण तो सतत आखूड येतोय. सुपरवायझर एका वेळी एकच सेटिंग बदलून पाहतात आणि आता मोल्डच दुरुस्तीला पाठवू म्हणतात. मोल्डला हात लावण्याआधी आठ सेटिंग्जचा एक प्रयोग करा. त्याला मिनिटॅब (सांख्यिकीचं सॉफ्टवेअर) लागत नाही, कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो.

तीन घटक घ्या आणि प्रत्येकाच्या दोन पातळ्या ठरवा: मेल्ट टेंपरेचर २१० आणि २४० अंश, होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर प्लॅस्टिकवर धरून ठेवलेला दाब) ३०० आणि ५०० बार, होल्डिंग टाइम ३ आणि ८ सेकंद. सगळ्या जोड्या मिळून २ × २ × २ = ८ सेटिंग्ज होतात. हिशेब कळावा म्हणून आकडे मी उदाहरणादाखल घेतोय. प्रत्येक आकडा पाच शॉटची (मशीनच्या पाच फेऱ्यांची) सरासरी, मिमीमध्ये:

३०० बार, ३ सेकंद: २१० अंशावर ११९.५२, २४० वर ११९.४८
५०० बार, ३ सेकंद: ११९.५८ आणि ११९.५६
३०० बार, ८ सेकंद: ११९.६६ आणि ११९.६४
५०० बार, ८ सेकंद: ११९.९४ आणि ११९.९०

आता सुपरवायझरच्या पद्धतीने जा. सुरुवात २१० अंश, ३०० बार, ३ सेकंद. प्रेशर ५०० केलं, लांबी ०.०६ ने वाढली. ‘प्रेशरने काही होत नाही’ म्हणून ते परत ३०० वर आणलं. टाइम ८ केला, ११९.६६ मिळाले. हवेत किमान ११९.८५. मग निष्कर्ष निघतो की मोल्डच लहान आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकदम वाढवले की ११९.९४ मिळतात. कारण साधं आहे: ३ सेकंदांत गेट (प्लॅस्टिक मोल्डच्या पोकळीत शिरतं ते अरुंद तोंड) गोठलेलं नसतं, होल्डिंग संपताच दाबाखालचं मटेरियल गेटमधून मागे येतं आणि वाढवलेलं प्रेशर वाया जातं. प्रेशरचा परिणाम टाइमवर अवलंबून आहे, यालाच इंटरॅक्शन म्हणतात. एकेक घटक बदलून तो दिसतच नाही.

परिणाम काढणं सोपं आहे. वरच्या पातळीच्या चार निकालांच्या सरासरीतून खालच्या पातळीच्या चारांची सरासरी वजा करा. टाइम: ११९.७८५ − ११९.५३५ = ०.२५. प्रेशर: ०.१७. टेंपरेचर: −०.०३. इंटरॅक्शनसाठी प्रेशरचा परिणाम ८ सेकंदांवर (०.२७) आणि ३ सेकंदांवर (०.०७) वेगवेगळा काढा. दोहोंतल्या फरकाचं निम्मं म्हणजे ०.१०. आठही निकाल प्रत्येक परिणामाच्या हिशेबात वापरले जातात, म्हणून इतक्या थोड्या सेटिंग्जमध्ये एवढी माहिती निघते.

पण ०.०३ खरा की नुसता चढउतार? त्यासाठी मधली सेटिंग, म्हणजे २२५ अंश, ४०० बार, ५.५ सेकंद, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा चालवा. समजा ११९.७६, ११९.७९, ११९.७८ आले. त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, सुमारे ०.०१५. परिणामाची प्रमाण त्रुटी = ०.०१५ × √(४/८) = सुमारे ०.०११. फक्त तीन निकालांवरून अंदाज असल्यामुळे ९५ टक्के खात्रीसाठी टी-मूल्य (तक्त्यातून घ्यायचा गुणक) ४.३० घ्यावं लागतं, म्हणजे मर्यादा साधारण ०.०४६. टाइम, प्रेशर आणि त्यांचं इंटरॅक्शन सहज पार होतात, टेंपरेचर नाही. शिवाय मधली सरासरी ११९.७७७, तर आठ सेटिंग्जची ११९.६६. एवढा फरक म्हणजे संबंध सरळ रेषेत नाही. गेट गोठल्यावर पुढचे सेकंद फुकट जातात, त्यामुळे ८ ऐवजी ६ सेकंदही पुरतील कदाचित. होल्डिंग टाइम एकेक सेकंदाने वाढवत पार्टचं वजन करा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं.

आता प्रयोग बिघडतो कुठे ते.

सर्वांत फसवी गोष्ट कूलिंग टाइमर. होल्डिंग ३ वरून ८ केलं आणि टाइमर तसाच ठेवला, तर पार्ट मोल्डमध्ये ५ सेकंद जास्त राहतो, थंड होऊन निघतो आणि त्यामुळेही कमी आकसतो. श्रेय मात्र होल्डिंगला जातं. म्हणून कूलिंग ५ सेकंदांनी कमी करून एकूण सायकल तीच ठेवा.

पीपी मोल्डमधून निघाल्यावरही आकसत राहतो. सगळे पार्ट २४ तासांनी, एकाच तापमानाला मोजा. व्हर्नियरच्या जबड्यात प्लॅस्टिक दबतं. डायल लावलेलं फिक्स्चर बरं. एकच पार्ट दोघांनी मोजून फरक ०.०२ च्या वर येत असेल, तर आधी मोजमाप सुधारा. कॅव्हिटी (मोल्डमधल्या पार्टच्या पोकळ्या) अनेक असतील तर प्रत्येकीचे आकडे वेगळे लिहा. मटेरियलचा लॉट आणि रिग्राइंडचं (दळून परत वापरलेल्या प्लॅस्टिकचं) प्रमाण मध्येच बदलू नका.

सेटिंग्जचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर दुपारी चढलेलं मोल्डचं तापमान एखाद्या घटकाच्या नावावर जमा होतं. अडचण बॅरलची: २४० वरून २१० ला यायला वेळ लागतो. तिथे २१०, २४०, २४०, २१० असे दोन-दोन सेटिंग्जचे गट करा, गटातल्या चिठ्ठ्या टाका, आणि टेंपरेचरबद्दलचा निष्कर्ष तेवढा कच्चा धरा. बदलानंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट फेकून द्या. लागोपाठचे पाच शॉट म्हणजे पाच प्रयोग नव्हेत, ही गल्लत फार होते; चाळीस निकाल समजून गणित केलंत तर सगळंच खरं वाटू लागेल.

सुरू करण्यापूर्वी दोन टोकं चालवून पाहा: २४०/५००/८ ला फ्लॅश (कडेने बाहेर आलेलं प्लॅस्टिक) आणि २१०/३००/३ ला शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पार्ट) येत नाही ना?

‘सात घटक आठ सेटिंग्जमध्ये’ असं सांगणारे भेटतील. जपानी अभियंते तागुची यांचा एल-८ (आठ सेटिंग्जचा तयार तक्ता) तसा वापरता येतो, आणि तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते हे आपल्याला सांगायला आवडतं. पण सातही रकाने भरले की दोन घटकांचं इंटरॅक्शन तिसऱ्याच्या परिणामात मिसळतं. वरचं ०.१० तिथे, समजा, कूलिंग वॉटरसारख्या तिसऱ्याच घटकाच्या खात्यात दिसलं असतं. घटक चार असतील तर आठ सेटिंग्जचा अर्धा प्रयोग (सोळा जोड्यांपैकी आठ) चालेल. मुख्य परिणाम दोन घटकांच्या इंटरॅक्शनपासून सुटे राहतात, इंटरॅक्शन्स मात्र जोडीजोडीने एकमेकांत मिसळतात. त्याहून जास्त घटक असतील तर आधी मोठा प्रयोग चाळणीपुरता करा, मग उरलेल्या तिघांचा हा पूर्ण प्रयोग.

शेवटी निवडलेली सेटिंग वेगळ्या दिवशी, वेगळ्या शिफ्टमध्ये चालवा. या आकड्यांनुसार ५०० बार आणि ८ सेकंदांना ११९.९२ च्या आसपास लांबी यायला हवी. ती ११९.८० आली, तर मोल्डकडे नको, आधी नव्या लॉटकडे आणि चिलरच्या पाण्याकडे बघा.