‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आला : ‘दोन आरोपींना अटक, एक विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात’ अशी बातमी वाचली. या बालकावर अन्याय झालाय की त्यानेच काही केलंय?

केल्याचा आरोप आहे, किंवा ते सिद्ध झालंय. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकारची मुलं याच नावाखाली येतात. अट एकच, घटनेच्या दिवशी वय १८ पूर्ण नसावं. त्यामुळे मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा दांडगाही ‘बालक’च.

गोंधळ होतो तो ‘ग्रस्त’मुळे. मूळ अर्थ गिळलेला. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त या सगळ्यांवर काहीतरी ओढवलेलं असतं, त्यांनी स्वतः काही केलेलं नसतं. ‘child in conflict with law’ या इंग्रजी संज्ञेत फक्त कायद्याशी संघर्ष आहे. त्या संघर्षाने मुलाला गिळल्याची कणव मराठीने पदरची घातली. मला ती आवडते, पण बातमी वाचणारा फसतो हेही खरं. त्यात ‘विधी’ म्हणजे इथे कायदा, पण ‘विधी’ म्हटलं की आपल्याला आधी लग्नविधी नाहीतर प्रातर्विधी आठवतो!

मग सरळ ‘बालगुन्हेगार’ का नको? कारण चौकशीआधीच निकाल लागतो. १९८६च्या बाल न्याय कायद्यात त्याच वळणाचा शब्द होता, २०००च्या कायद्याने तो बदलला. २००७च्या केंद्रीय आदर्श नियमांनी तर अटक, रिमांड, आरोपी, आरोपपत्र, खटला हे शब्द मुलांच्या बाबतीत वापरूच नयेत असं नावं घेऊन सांगितलं. सध्याच्या २०१५च्या कायद्यातही दोषारोपाची भाषा टाळण्याचं तत्त्व आहे. म्हणून तुमच्या बातमीत मोठ्यांना ‘अटक’ आणि मुलाला ‘ताब्यात’. बातमीदाराने बरोबर लिहिलंय. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. ‘अल्पवयीन’ हा सोपा शब्द आहे खरा, पण तो पीडित मुलालाही लागू पडतो.

लिहिताना सगळा शब्द जोडून, आणि ‘धि’ ऱ्हस्व, विधिमंडळासारखा. ‘विधी संघर्ष ग्रस्त’ असे तीन तुकडे करू नयेत. बोलताना मी ‘कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल’ म्हणतो. लांबलचक आहे, पण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

चौकशी चालू असताना अशा मुलांना जिथे ठेवतात त्याला कायद्याने ‘निरीक्षणगृह’ म्हटलं तरी आपल्या तोंडी मात्र अजून ‘रिमांड होम’च. मस्ती केली की आमची आजी त्याच नावाने धाक घालायची.